हॅम रेडिओ: परवान्यापासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

हॅम रेडिओ म्हणजे परवाना काढून स्वतःच्या रेडिओ सेटवरून जगभरातल्या हौशींशी बोलण्याचा छंद. त्यात यायचं ठरवलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "सेट कोणता घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सेट सगळ्यात शेवटी घ्या. आधी कान तयार करा, मग परवाना काढा, मग तार टांगा, आणि उरलेल्या पैशात बसेल तो सेट घ्या. मी परवाना हातात पडताच सगळी पुंजी सेटवर घातली आणि अँटेना म्हणून खिडकीबाहेर एक वायर सोडली. वर्षभर मला लोक ऐकू यायचे, पण माझी हाक कुणापर्यंत पोहोचत नव्हती.

तर सुरुवात ऐकण्यापासून. जगभरातल्या हौशींनी आपले रिसीव्हर इंटरनेटवर खुले ठेवले आहेत, ते ब्राउझरमध्ये चालतात. त्यातला भारताजवळचा एखादा निवडा आणि सकाळी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हळूहळू काटा फिरवा. मोड एलएसबी (आवाज पाठवायची एक पद्धत) ठेवा. काटा थोडा जरी सरकला तरी माणूस बोलतोय की टेप उलटी फिरतेय ते कळत नाही, आणि मग एका क्षणी आवाज स्वच्छ होतो. महिनाभर हे केलंत की कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं स्टेशनचं सांकेतिक नाव) कशी सांगतात, सिग्नलचा रिपोर्ट कसा देतात, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत कसं थांबतात, हे सगळं आपोआप अंगवळणी पडतं. पुस्तकातून ते येत नाही.

परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो, अर्ज 'सरल संचार' या पोर्टलवर करायचा. वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत. दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडची कॉलसाइन व्हीयू३ने सुरू होते, जनरलची व्हीयू२ने. लेखी परीक्षेचे दोन भाग: रेडिओचं तंत्र आणि नियम. ओहमचा नियम, कॉइल-कपॅसिटरचं रेझोनन्स, मॉड्युलेशन, क्यू-कोड (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत), अक्षरांची ध्वनिवर्णमाला (ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो) एवढं पक्कं असेल तर बारावी विज्ञानाच्या मुलाला जड जाणार नाही. कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनी तीन महिने धरावेत. नियमांचा भाग सोपा समजून लोक सोडून देतात आणि तिथेच अडकतात, कारण दोन्ही भागांत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं.

जनरलसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स यावा लागतो. कागदावर ठिपके-रेघा काढून मोर्स शिकू नका. तो तबल्याच्या बोलासारखा तोंडाने म्हणत शिका. 'सीक्यू', म्हणजे ऐकणाऱ्या कुणालाही मारलेली हाक, अशी: 'डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा'. आपल्या देशाचा 'व्हीयू' म्हणजे 'डि-डि-डि-डा, डि-डि-डा'. रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज. परवाना येईपर्यंत प्रेषण नाही, ट्रान्समीटर जवळ बाळगणंही नाही. 'मित्राच्या सेटवरून एकदाच' हेसुद्धा नको.

आता तार. माझ्या मते निम्मा छंद इथेच आहे. ४० मीटर बँडसाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यासाठी, साधा डायपोल (मध्यावर केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तार) करा. सूत्र सोपं आहे: १४३ला मेगाहर्ट्झने भागा, तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ला भागलं की २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण दहा मीटर. घरातल्या वायरिंगची तांब्याची वायर चालते. गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी एक बांबू किंवा पाइप उभा करा, मधला भाग त्याला बांधा आणि दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने कठड्याकडे उताराने ओढा. टोकांना कुणाचा हात लागणार नाही इतकी उंची ठेवा. महावितरणच्या तारांपासून इतकं लांब राहा की आपली तार तुटून कुठेही पडली तरी तिथे पोहोचणार नाही. सोसायटीची परवानगी आधी घ्या, आणि कमिटीतल्या एक-दोघांना एकदा घरी बोलावून जपानचा आवाज ऐकवा. माझं काम त्यानेच झालं.

तार मुद्दाम जास्त लांब कापायची. मी २०.७ मीटर कापली होती. अँटेना अॅनालायझर लावला तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) ६.९ मेगाहर्ट्झला सगळ्यात कमी दिसला. मला ७.१ हवे होते. २०.७ गुणिले ६.९, भागिले ७.१, आले २०.१. म्हणजे दोन्ही टोकांकडून ३०-३० सेंटिमीटर कमी करायची. एकदम कापू नका. आधी तेवढी तार मागे दुमडून पीळ द्या, परत मोजा, आकडा जमला की मगच पक्कड लावा. कापलेली तार परत जोडता येते, पण तो सांधा पहिल्या पावसात त्रास देतो.

पावसाचं म्हणाल तर तार आणि सेटकडे येणारी कोअॅक्स केबल जिथे जोडलेली असते तिथून पाणी केबलच्या आत शिरतं. माझी पंधरा मीटर केबल एका जुलैत अशीच गेली. वरून काही दिसत नव्हतं, पण कापल्यावर आतली जाळी हिरवी पडलेली होती. सांध्यावर आधी ताणून रबरी टेप, वरून साधी टेप, आणि केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातो. वळवाचे ढग दिसले की केबल सेटपासून काढून ठेवायची.

सेटबद्दल थोडक्यात. स्थानिक गप्पांसाठी हातात मावणारा व्हीएचएफ सेट पुरतो. लघुलहरींसाठी, म्हणजे दूरच्या संपर्कांसाठी, जुना, चालू स्थितीतला १०० वॅटचा सेट ओळखीच्या हॅमकडून घ्या. त्याला १३.८ व्होल्ट, २० अँपिअरच्या आसपासचा पॉवर सप्लाय लागतो, आणि शक्ती परवान्याच्या मर्यादेत ठेवायची. सोल्डरिंगची आवड असेल तर हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेला बिटेक्स हा सेट स्वतः जुळवा. दहा वॅटच्या आसपासचा सेटही नीट तारेवर युरोप गाठतो.

संध्याकाळी सेटमध्ये नुसती खरखर असेल तर सेट बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत जा. माझ्याकडे तो एक स्वस्त मोबाइल चार्जर निघाला.

एवढं जमलं की पहिली स्पर्धा, म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधायचा. मी सगळ्यांना 'सीक्यू वर्ल्ड वाइड' सुचवतो. आवाजाची स्पर्धा ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, मोर्सची नोव्हेंबरच्या. शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि ४८ तास चालते. देवाणघेवाण एवढीच: सिग्नलचा रिपोर्ट ('फाइव्ह नाइन' म्हणजे उत्तम) आणि झोन, म्हणजे जगाच्या आखलेल्या विभागांपैकी आपल्या विभागाचा क्रमांक. भारताचा झोन २२, म्हणून आपण म्हणायचं, "फाइव्ह नाइन, ट्वेंटी टू". दुसऱ्या खंडातल्या स्टेशनला ३ गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाला १, आपल्याच देशाला शून्य. पण प्रत्येक बँडवरचा नवा देश आणि नवा झोन गुणक म्हणून मोजला जातो, म्हणजे एकूण गुणांना त्यांच्या संख्येने गुणतात, त्यामुळे एखादा भारतीय संपर्कही पहिल्यांदा कामाचाच.

नवख्याने स्वतः हाका मारत बसू नये. बँडच्या एका टोकापासून सुरू करा, मोठा आवाज सापडला की त्याची कॉलसाइन ऐका, लिहा आणि आपली एकदाच, स्पष्ट सांगा. उत्तर नाही आलं तर दोनदा आणखी, मग पुढे. सकाळी जपानकडे, दुपारनंतर १० आणि १५ मीटरवर युरोपकडे, रात्री ४० मीटरवर. पाणी, खाणं हाताशी ठेवा आणि रात्री झोपा. अर्धवट झोपेत लिहिलेल्या कॉलसाइन चुकतात.

गोंगाटातून एक अक्षर नेमकं उचलायची ही सवय पुढे कामी येते. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी दूरच्या संपर्कांसाठीच अंदमानात सेट लावून बसले होते. बाकीचं दळणवळण कोलमडलेलं असताना त्याच सेटवरून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर गेले.

स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांच्या आत लॉग, म्हणजे झालेल्या संपर्कांची यादी, अपलोड करा. एन१एमएम हे मोफत सॉफ्टवेअर हवी तशी फाइल तयार करून देतं. तीसच संपर्क झाले म्हणून लॉग ठेवून देऊ नका. आयोजक सगळ्यांचे लॉग एकमेकांशी ताडून बघतात, आणि तुमच्याशी झालेला कुणाचा तरी संपर्क तुमच्या लॉगवरून खरा ठरतो.