स्पीकरची केबल घेताना या चुका टाळा

होम थिएटर लावणारे पोट्टे केबलच्या बाबतीत त्याच त्याच चुका करतात, म्हणून लिहितो.

किंमत बघून क्वालिटी ठरवू नका. नागपुरात बर्डीच्या बाजारात काचेत टांगलेली पॅकबंद इम्पोर्टेड केबल घ्या, समजा कंपनीतून ४०० ला निघाली. इम्पोर्टर, डिस्ट्रिब्युटर न् डीलर, तिघांनी ४०-४० टक्के जरी धरले तरी ११०० च्या घरात जाते, वरून १८ टक्के जीएसटी, झाले जवळपास १३००, कस्टम वेगळी. तांबं तेवढंच! डीलरला ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) कमी सुटतं, केबलवर जास्त, म्हणून बिल बनता बनता केबल पुढे सरकवतात. पण त्याचं भाडं आहे, तो डेमो देतो, खराब निघाली तर तिथंच बदलून देतो, ते पैसे फुकट नाही जात.

आता दुसरी, जिच्यावर माझं डोकं जास्त फिरतं. 'डायरेक्ट फॅक्टरीतून, मधला दलाल नाही' वाचलं की लोक डोळे मिटून ऑर्डर टाकतात. लक्ष्मीनगरात ओळखीच्या एकानं असाच रोल मागवला, घाईघाईत कापून भिंतीवर केसिंगपट्टीत टाकूनही दिला, मग मला बोलावलं. उरलेला तुकडा हातात घेतला तर हलका लागला. ब्लेडनं एक तार खरवडली, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! लिस्टिंगमध्ये खाली बारीक अक्षरात 'कॉपर क्लॅड' लिहिलेलंच होतं, अन् कापलेला माल परत कोण घेते? अशा तारेची वाहकता तांब्याच्या दोन तृतीयांशाहून कमी, म्हणजे तेवढ्याच कामाला जाड लागते, बचत कुठं राहिली? डायरेक्टवाल्यालाही जाहिरात, कुरिअर, परत आलेला माल याचा खर्च आहेच, तो किमतीतच बसवतो.

थेट विकणारे सगळे असे नाहीत. अमेरिकेतली ब्लू जीन्स केबल ही कंपनी बेल्डन या वायर बनवणाऱ्या कंपनीची वायर कापते, कनेक्टर लावते न् थेट गिऱ्हाइकाला पाठवते, कोणती वायर ते नंबरासकट सांगते. विकणारा वायरचा नंबर किंवा स्क्वेअर एमएम, म्हणजे तारेची जाडी, सांगत नसेल तर मी तिथून घेतच नाही.

मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची फ्लेक्झिबल वायर मीटरवर घेतो. पाच मीटरवरच्या स्पीकरला जाऊन-येऊन तारेचा रोध ०.०७ ओहम भरतो, ८ ओहमच्या स्पीकरला काहीच नाही.

टीव्हीला चित्र नेणारी एचडीएमआय केबल महागडी घेऊन चित्र सुधारत नाही.

डीलरकडे तासभर डेमो ऐकून ऑनलाइन ऑर्डर करू नका, बरं नाही दिसत.

अन् केबल फुकट मागायची तर ॲम्प-स्पीकरचं बिल फाडायच्या आधी मागा, बिल झाल्यावर कोणी देत नाही.