माडीवर जुना राउटर लावताना वायर लॅन पोर्टमध्येच घाला

साताऱ्याच्या जुन्या पेठांत घरांच्या भिंती जाड. खालचं वायफाय माडीवर पोचत नाही, म्हणून बरेच जण पडून असलेला जुना राउटर वर लावतात. नेट चालतं, पण खालच्या वायरवाल्या कॉम्प्युटरला वरचा वायफाय प्रिंटर सापडत नाही. कारण वायर जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरच्या इंटरनेटची वायर लागते तो; घरातल्या उपकरणांसाठीचे ते लॅन पोर्ट) घातली की घरात दोन वेगळी नेटवर्क होतात.

१. जुना राउटर आधी फक्त कॉम्प्युटरला जोडा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याचा लॅन आयपी, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.२ करा. मुख्य राउटर बाकीच्या उपकरणांना जे पत्ते वाटतो, त्यांत हा आकडा येत नाही ना, तेवढं बघा.
२. जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे असे पत्ते वाटण्याची सोय, बंद करा. हे विसरू नका. पत्ते वाटणारा घरात एकच हवा.
३. आता मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधली वायर जुन्याच्याही लॅन पोर्टमध्ये घाला. वॅन रिकामा.

सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (राउटरला फक्त वायफाय पुरवायला लावणारी सोय) असेल तर उत्तमच, तो चालू केला की बहुतेक काम आपोआप होतं.

केबल मात्र जिन्याच्या कडेने आतूनच न्या. गच्चीवरून उघडी नेली तर वळवाच्या विजांत दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात.