जनुक नियमनाचं मॉडेल करायचंय? आधी घड्याळ बघा

पेशी कोणतं जनुक कधी आणि किती चालू ठेवते, हे जनुक नियमन. गणित किंवा भौतिकशास्त्र शिकून त्याच्या गणिती मॉडेलांकडे वळणारे विद्यार्थी हमखास विचारतात, "आधी जीवशास्त्र किती वाचू?" जीवशास्त्राकडून येणाऱ्यांना गणिताची धास्ती असते. मी गणिताकडून आले आणि पहिले काही महिने पाठ्यपुस्तकं वाचण्यातच घालवले. विषय हाती लागू लागला तो मात्र एका जनुकाचं एकच समीकरण कागदावर सोडवल्यावर. म्हणून दोन्हीकडच्यांना मी तिथूनच सुरुवात करायला सांगते.

समीकरण साधं आहे. पेशीतल्या एका प्रथिनाचं प्रमाण किती वेगाने बदलतं? नवं जितकं तयार होतं, त्यातून नाहीसं होणारं वजा करायचं. तयार होण्याचा दर स्थिर धरा, नाहीसं होणं असलेल्या प्रमाणाच्या पटीत धरा. पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित. पण उत्तराकडे नीट बघा. प्रथिन आपल्या स्थिर पातळीच्या निम्म्यावर पोचायला जो वेळ घेतं, तो निर्मितीच्या दरावर मुळीच अवलंबून नसतो. निर्मिती दुप्पट केली तर पातळी दुप्पट होईल, वेळ तेवढाच लागेल. तो वेळ ठरतो फक्त नाहीसं होण्याच्या दरावरून.

आता हे पेशीत नेऊन बघा. ई. कोलाय जिवाणूतली बहुतेक प्रथिनं सहजी तुटत नाहीत. पेशी वाढते आणि विभागते तशी ती विरळ होत जातात. म्हणजे जनुक चालू झाल्यावर निम्मी पातळी गाठायला साधारण एका विभाजनाएवढा वेळ लागतो. पोषक माध्यमात तो २० मिनिटांच्या आसपास, उपासमारीत तासन्‌तास. पेशीला याहून घाई असेल तर? एक उपाय म्हणजे प्रथिन बनवत राहायचं आणि तोडतही राहायचं, पण त्यात ऊर्जा फार जाते. दुसरा उपाय जास्त सुंदर आहे: प्रमोटर (जनुक किती जोरात चालेल ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) जोरदार ठेवायचा आणि प्रथिनाने साठत जाताना स्वतःच्याच जनुकाला दाबायचं. रोझेनफेल्ड, एलोविट्झ आणि अलोन यांनी २००२ मध्ये प्रयोगाने दाखवलं की असं केल्यावर हा वेळ पेशीचक्राच्या सुमारे एक-पंचमांशावर येतो. ई. कोलायच्या ज्ञात ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरपैकी (जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांपैकी) सुमारे ४० टक्के स्वतःला असं दाबतात. एका ओळीच्या समीकरणातून इतकं कळतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

इथे एखादा जागरूक विद्यार्थी विचारतो, "एम-आरएनए कुठे गेला?" हा प्रश्न पडणं फार चांगलं लक्षण आहे. जनुकावरून आधी एम-आरएनए ही नक्कल बनते आणि तिच्यावरून प्रथिन, आपण मात्र ती मधली पायरी गाळली. जिवाणूतला एम-आरएनए काही मिनिटांत तुटतो, प्रथिन कितीतरी जास्त टिकतं. त्यामुळे प्रथिनाच्या घड्याळाने पाहिलं तर एम-आरएनए कायम आपल्या स्थिर पातळीवरच असतो आणि त्याचं वेगळं समीकरण लागत नाही. रिप्रेसरचं, म्हणजे जनुकाला दाबणाऱ्या प्रथिनाचं, डीएनएला चिकटणं-सुटणंही बहुधा झटपट असतं. म्हणून त्याच्या जागी आपण हिल फलन घालतो, म्हणजे रिप्रेसर किती असताना निर्मिती किती दबते हे सांगणारं सूत्र. (हे फलन मुळात १९१० सालचं, हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनसाठी मांडलेलं.) मॉडेलमध्ये काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे असं वेळेवरून ठरतं. नवं काम हाती घेतलं की मी आधी सगळ्या प्रक्रियांच्या वेळा एका कागदावर उतरवते: सेकंद, मिनिटं, तास. समीकरणं त्यानंतर.

वेळेनंतर रेणूंची संख्या बघा. ई. कोलायच्या एका पेशीत एक नॅनोमोलर संहती (द्रावणातलं प्रमाण) म्हणजे जेमतेम एक रेणू. लॅक रिप्रेसरचे (लॅक्टोज पचवणारी जनुकं दाबणाऱ्या प्रथिनाचे) तर पेशीत दहाएकच चतुष्टय, म्हणजे चार घटकांचे गट, असतात. एवढ्या थोड्या रेणूंसाठी सलग बदलणारी संहती अपुरी पडते, योगायोगाला वाव द्यावाच लागतो. त्यासाठी १९७७ पासून गिलेस्पीची पद्धत आहे, योगायोगाने घडणारी एकेक प्रक्रिया संगणकावर घडवून बघण्याची. ती तयार पॅकेजमधून वापरण्याआधी एकदा स्वतः लिहा. कोड पानभरात मावतो. वरच्याच एका जनुकावर चालवा आणि स्थिर अवस्थेत रेणूंच्या संख्येचं प्रसरण (व्हेरियन्स, विखुरलेपणाचं माप) सरासरीएवढं येतं का ते तपासा. येत नसेल तर कोडमध्ये चूक आहे, पुढे जाऊ नका.

प्रयोगशाळेतून आकडे आले की माझा पहिला प्रश्न ठरलेला: हे लाखो पेशींची सरासरी आहे की एकेका पेशीचं मोजमाप? नोव्हिक आणि वाईनर यांनी १९५७ मध्येच लॅक यंत्रणेत दाखवलं होतं की प्रेरक (जनुक चालू करणारा पदार्थ) मध्यम प्रमाणात दिला तर एंझाइमची सरासरी हळूहळू चढताना दिसते, प्रत्यक्षात मात्र एकेक पेशी एकतर पूर्ण चालू असते किंवा बंद. फक्त सरासरीला वक्र बसवला तर अस्तित्वातच नसलेल्या अर्धवट चालू पेशीचं मॉडेल तयार होतं. चकाकणारी प्रथिनं वापरली असतील तर आणखी एक गोष्ट विचारा: ती चकाकू लागायला किती वेळ घेतात? पडद्यावर दिसणारा उशीर जनुकाचा आहे की चकाकीचा, हे त्याशिवाय सांगता येत नाही. प्रयोग करणाऱ्यांच्या बैठकांना नियमित बसा. असे तपशील शोधनिबंधात एखाद्या ओळीत असतात, तिथे मात्र त्यांवर तासभर बोलणं होतं.

सराव म्हणून रिप्रेसिलेटर घ्या. एलोविट्झ आणि लाइबलर यांनी २००० मध्ये तीन रिप्रेसरांची साखळी ई. कोलायमध्ये बसवली, पहिला दुसऱ्याला दाबतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा पुन्हा पहिल्याला. त्यांनी आधी मॉडेल केलं होतं. त्यातून दिसलं की एम-आरएनए आणि प्रथिन यांची आयुष्यं एकमेकांच्या जवळ आली तर आंदोलनं (पातळीचं तालात वर-खाली होत राहणं) सहज होतात. म्हणून त्यांनी प्रथिनांना लवकर तुटायला लावणारं शेपूट जोडलं. इथे एम-आरएनएचं समीकरण गाळून चालत नाही, कारण दोन्ही घड्याळं आता सारख्याच चालीची आहेत. हे मॉडेल बायोमॉडेल्स या खुल्या संग्रहात तयार मिळतं, तरी आधी सहा समीकरणं स्वतः लिहून काढा. आंदोलनं दिसली की बाकी आकडे तसेच ठेवून प्रथिनाचा ऱ्हासाचा दर टप्प्याटप्प्याने कमी करत जा आणि ती कुठे थांबतात ते टिपून ठेवा. मार्गदर्शकाला पहिल्यांदा भेटायला जाताना तो आलेख सोबत न्या.