हिमोग्लोबिन कमी आलंय? डाळिंबाआधी घड्याळ बघा

गरोदरपणातल्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनसमोर 9.2 आणि शेजारी खाली वळलेला बाण दिसला, की घरातला पहिला फोन फळवाल्याला जातो. डाळिंब, बीट, खजूर, काळे मनुके. सासूबाईंची यादी वेगळी, आईची फोनवरून वेगळी. प्रसूती विभागाच्या ओपीडीत सिस्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सांगते: फळं खुशाल आणा, पण हिमोग्लोबिन अडून बसतं ते बहुतेक घरांत फळांवाचून नाही. लोहाची गोळी, चहा, दूध आणि कॅल्शियम या सगळ्यांच्या वेळा एकमेकांवर आदळतात, म्हणून अडतं. त्यामुळे ही तयारी मंडईतून नाही, कागदांपासून आणि घड्याळापासून सुरू करू.

कागद आधी. बोटाला टोचून काढलेला नुसता हिमोग्लोबिनचा आकडा पुरेसा धरू नका, पूर्ण सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी, करून घ्या. त्यात एमसीव्ही नावाची एक ओळ असते, म्हणजे तांबड्या पेशीचा आकार. तो 80च्या खाली असेल तर लोह कमी असण्याची शक्यता जास्त. मग डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचारा. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाची शिल्लक. गरोदरपणात ते 30च्या खाली गेलं की शिल्लक संपत आली असं धरतात. अंगात ताप किंवा संसर्ग असताना मात्र हा आकडा खोटा चढतो, तेव्हा बरं वाटल्यावर तपासा. थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष) आहे का हे पाहणारी तपासणीही पहिल्या तीन महिन्यांतच उरकावी. मायनर निघालं तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात, ‘आमच्यात असलं काही नसतं’ या वाक्यात वेळ घालवायचा नाही. मायनरमध्येही पेशी लहानच दिसतात. ते ओळखलं नाही तर महिनोन् महिने लोह गिळूनही आकडा हलत नाही आणि बाईला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

घर शाकाहारी असेल तर बी12 जीवनसत्त्वाची पातळीसुद्धा बघा. ही गोष्ट आपल्या पुण्याने जगाला दाखवलेली आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. त्यातल्या साधारण दोनतृतीयांश बायकांमध्ये बी12 कमी निघालं. लोह आणि बी12 दोन्ही कमी असतील तर एकामुळे पेशी लहान होतात, दुसऱ्यामुळे मोठ्या, आणि सरासरीत एमसीव्ही अगदी शहाण्यासारखा नॉर्मल दिसतो.

आकड्यांचा अर्थ थोडक्यात. गरोदरपणात 11च्या खाली म्हणजे रक्तक्षय. 10 ते 10.9 सौम्य, 7 ते 9.9 मध्यम, 7च्या खाली तीव्र. जागतिक आरोग्य संघटना आता मधल्या तीन महिन्यांसाठी 10.5 ही रेषा धरते, कारण या दिवसांत रक्तातलं पाणी पेशींपेक्षा जास्त वेगाने वाढतं आणि रक्त पातळ होतं. ‘या दिवसांत कमी होतंच गं’ हे म्हणणं त्यामुळे अर्धंच खरं. साडेदहापर्यंत ठीक, 9.2 नुसतं पातळ होण्याने येत नाही. नऊ महिन्यांत बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त मिळून सुमारे 1000 मिलिग्रॅम लोह लागतं. ते कुठून तरी यायला हवंच.

आता घड्याळ. कागद-पेन घ्या आणि दिवसभरात तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहा. पुण्यातल्या कित्येक जणींची सकाळ थायरॉइडच्या गोळीने सुरू होते. तिच्यात आणि लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. चहा-कॉफी लोहाच्या गोळीच्या आधी आणि नंतर निदान तासभर नको, दोन तास मिळाले तर उत्तम. कॅल्शियम आणि दूध दोन तास लांब. पित्तासाठीची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, पोटातलं आम्ल कमी झालं की लोह नीट शोषलं जात नाही. एवढं सगळं मांडलं की दिवसात लोहासाठी दोनच जागा उरतात. एक, सकाळी अकराच्या सुमारास, नाश्ता आणि चहा होऊन दोनेक तास झाल्यावर. दुसरी, रात्री जेवणानंतर दोन तासांनी. कॅल्शियम मग एक दुपारच्या जेवणानंतर आणि एक रात्रीच्या. लोह रात्री घेत असाल तर कॅल्शियम नाश्त्यावर आणि दुपारी सरकवा, आणि झोपतानाचं केशर-दूध संध्याकाळी पाच वाजता आणा. दूध बंद नाही करायचं, जागा बदलायची.

हिंजवडी किंवा खराडीला नोकरी असेल तर अकराची वेळ म्हणजे नेमकी मशीनच्या चहाची वेळ. मैत्रिणी उठतात, आपणही उठतो. चहा सोडा असं मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण पुण्यात ते कुणी ऐकत नाही. अमृततुल्यच्या शहरात निदान वेळ तरी पाळावी. अकराला गोळी आणि लिंबूपाणी, चहा साडेबारापर्यंत ढकला किंवा सकाळीच पिऊन मोकळ्या व्हा. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक स्ट्रिप वेगळी ठेवा, पर्सवर भरवसा नको. मोबाइलवर गजर लावा, आणि तसाच एक नवऱ्याच्या मोबाइलवर. घरात गोळीची आठवण करणं हे त्याचं काम आहे, हे पहिल्याच दिवशी ठरून जाऊ दे.

गोळी कोणती हे डॉक्टर ठरवतील, पण पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष लोह, किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचायला शिका. खरा आकडा तो. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आशाताईंकडून फुकट मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस, असा सरकारी नियम. सौम्य किंवा मध्यम रक्तक्षय असेल तर रोज दोन. फुकटची गोळी हलकी असते हा समज मनातून काढा, औषधाच्या दुकानातल्या कित्येक महागड्या गोळ्यांत लोह यापेक्षा जास्त नसतं. पहिली तिमाही संपल्यावर जंताची एक गोळी, अल्बेंडाझोल 400, देतात. विचारून घ्या.

पुढची गोष्ट ओपीडीत फार पाहिली. बाई तपासायला येते, आकडा तसाच. गोळ्या घेताय का विचारलं की मान हलते. पर्समधून स्ट्रिप काढायला लावली की दहातल्या दोनच जागा फुटलेल्या. सासूबाई बाहेर गेल्या की हळूच सांगते, सिस्टर, शी काळी होते, भीती वाटली. ताई, शी काळीच होणार, लोहाचा न शोषलेला भाग बाहेर पडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बद्धकोष्ठ होणार हे धरूनच पाण्याची बाटली, भिजवलेले मनुके, पपईऐवजी पेरू अशी सोय आधीच करा. (पिकलेल्या पपईने काही होत नाही हे मला ठाऊक आहे, पण त्या वादात पडून घरात कुणी जिंकलेलं मी पाहिलं नाही.) मळमळ फारच होत असेल तर गोळी थोडं खाऊन घ्या, शोषण जरा घटेल, पण न घेतलेल्या गोळीपेक्षा बरं. तेही जमेना तर डॉक्टर गोळीतल्या लोहाचा क्षार, म्हणजे प्रकार, बदलून देतात किंवा वेळापत्रक सैल करतात. परस्पर बंद मात्र करू नका, आणि बंद केलीच असेल तर खरं सांगा. नाहीतर गोळी लागू पडत नाही असं समजून पुढची औषधं सुरू होतात.

स्वयंपाकघरात पहिलं काम, लाल रंगावरचा विश्वास कमी करणे. 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, डाळिंबाच्या दाण्यांत अर्धाही नाही. कोरड्या मटकीत तेवढ्याच वजनाला आठच्या आसपास, राजगिऱ्यातही आठच्या आसपास, बाजरीत सहाच्या पुढे. म्हणजे मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी हे आपल्याकडचं ताट डाळिंबाच्या रसापेक्षा कितीतरी दमदार आहे. मटकीला मोड आणा, मोड आल्यावर लोह अडवून धरणारी फायटेट्स कमी होतात. आणि उसळीवर लिंबू पिळल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. धान्या-भाज्यांतलं लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीनेच नीट आत जातं. लिंबू, पेरू, आवळा, कोबीची कोशिंबीर, काहीही एक. लाल माठ, शेपू, मेथी, चवळीची पानं मंडईत स्वस्त मिळतात, आलटून-पालटून आणा. मटण, मासे खाणाऱ्यांचं काम सोपं, त्यातलं लोह चटकन शोषलं जातं. फक्त कलेजी पहिल्या महिन्यांत टाळा, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

लोखंडी कढई घरात नसेल तर तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत मिळेल. घासून, तेल लावून, तापवून आधी मुरवून घ्या. टोमॅटो, आमसूल, चिंच घातलेली आमटी-भाजी तिच्यात केली की लोह जास्त उतरतं. भाजी काळपट दिसेल, ती तशीच खायची, पण शिजल्यावर कढईत ठेवायची नाही.

तरीही हिशेब डोळ्यांसमोर असू द्या. 30 ग्रॅम कोरड्या मटकीत अडीच मिलिग्रॅमच्या आत लोह, त्यातला फार तर दहावा हिस्सा अंगी लागतो. एका लाल गोळीत 60. 9.2 आलेलं असताना आहाराने गोळी सुटत नाही, आहार तिला हात देतो. संकष्टी, गुरुवार चालू असतील तर साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी. साबुदाण्यात लोह फारसं नाही. अळिवाचे लाडू बाळंतपणानंतरसाठी राहू देत.

पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजलेली माती किंवा बर्फ खावासा वाटत असेल तर ते डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना सांगा. लोह कमी असल्याची ती खूण असते. बसल्याजागी धाप लागली, छातीत धडधड थांबेना, चक्कर येऊन पडायला झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता निघा. 108ला फोन करा.

गोळी सुरू केल्यापासून चार आठवड्यांनी पुन्हा सीबीसी. तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. महिन्यात निदान एक ग्रॅम चढायला हवं. नाही चढलं तर आधी घड्याळाचा कागद तपासा, मग डॉक्टरांशी शिरेतून लोह देण्याबद्दल बोला. ते पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. किती द्यायचं याचा हिशेब वजनावरून होतो: 55 किलोची बाई, हिमोग्लोबिन 8, पोचायचंय 11ला, तर तीन गुणिले 55 गुणिले 2.4 (हा सूत्रातला ठरलेला आकडा), अधिक साठ्यासाठी 500, म्हणजे जवळपास 900 मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज असेल तर एका वेळी साधारण 200, म्हणजे चार-पाच खेपा. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज असेल तर बहुधा एकाच बैठकीत. दोन्हींचा खर्च आणि रजा दोन्ही मोजून ठरवा. जाताना खाऊन जा, सोबत कुणीतरी घ्या, दमा किंवा ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आणि संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. सुईच्या जागी आग झाली तर लगेच हाक मारा, औषध बाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग राहतो.

खासगी डॉक्टर चालू असले तरी महापालिकेच्या दवाखान्यात नाव नोंदवून माता-बाल कार्ड काढून ठेवा. दर महिन्याच्या 9 तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर तपासणी मोफत असते. कमला नेहरू किंवा ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात बाळंतपण झालं तर औषधं आणि लागलंच तर रक्तही मोफत मिळतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की बॅग भरून माहेरी, साताऱ्याला नाहीतर सोलापूरला. नेमक्या याच वेळी गोळ्यांचा धागा तुटतो. साडीच्या घडीआधी फाइल भरा: सगळे सीबीसी तारखेने लावलेले, रक्तगट, घेतलेल्या लोहाच्या इंजेक्शनांची नोंद, महिनाभर पुरतील इतक्या गोळ्या. सगळ्याचे फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये. तिथल्या डॉक्टरांची पहिली भेट पोचल्याच्या आठवड्यात, कारण 34व्या आठवड्यानंतर कमी आढळलं तर गोळीने भरून काढायला वेळ उरत नाही. आकडा 7च्या आसपास असेल तर रक्तपेढीची सोय असलेलंच रुग्णालय बाळंतपणासाठी धरा, घराजवळचं छोटं नर्सिंग होम कितीही ओळखीचं असलं तरी. रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांची नावं लिहून ठेवा, गट निगेटिव्ह असेल तर हे काम आठव्या महिन्याआधीच.

बाळ आल्यावर नाळ लगेच न कापता निदान एक मिनिट थांबाल का, असं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त, आणि त्यासोबत लोह, बाळाकडे जातं. बाळंतपणानंतर गोळी पुन्हा 180 दिवस असते. तेव्हा सगळ्यांचं लक्ष बाळाकडे, आईची स्ट्रिप फ्रिजवर धूळ खात. म्हणून सहाव्या आठवड्यात बाळाच्या लसीला जाल त्याच दिवशी स्वतःचा सीबीसीही करून या. आणि घरात आधीचं मूल असेल तर गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच, कडी लागणाऱ्या कपाटात ठेवा. लाल गोळी त्याला जेम्सच्या चॉकलेट गोळीसारखी दिसते, आणि लहान मुलाने मूठभर खाल्ली तर जिवावर बेतू शकतं.