गेटने 'नाय' खाल्लं: ऑटो-कट शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

गेट म्हणजे ठरलेल्या पातळीखालचा आवाज दाबणारं टूल, ऑटो-कट म्हणजे गप्प जागा आपोआप कापणं. थ्रेशोल्ड (ती ठरलेली पातळी), अटॅक (गेट उघडायला लागणारा वेळ), रिलीज (बंद व्हायला लागणारा वेळ), यात जास्त वेळ घालवत नाही. मी वेंगुर्ल्याचा, घरूनच मुलाखतींचं ऑडिओ एडिटिंग करतो, आणि सुरुवातीची एक चूक आठवली की अजून पोटात गोळा येतो.

एका आंबा बागायतदार आजोबांची मुलाखत होती, पावसाळ्यात पडवीत बसून रेकॉर्ड केलेली, वर कौलांवर पाऊस चालूच. ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याने दिलेलं प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, लावलं, थ्रेशोल्ड -38 डीबी (आकडा शून्याच्या जितका खाली, तितका आवाज बारीक), रिलीज 60 मिलिसेकंद, वर गप्प जागा आपोआप कापून टाकल्या, फाईल एकदम स्वच्छ वाटली म्हणून पाठवून दिली. दोन दिवसांनी त्यांच्या घरून फोन. आजोबा भावाबद्दल बोललेले, "तेना बाग इकल्यान नाय", म्हणजे त्याने बाग विकली नाही. माझ्या फाईलमध्ये, "तेना बाग इकल्यान". भावकीत आधीच वाद चाललेला. मूळ रेकॉर्डिंग कार्डावर होतं म्हणून निस्तरलं.

हे नीट समजून घ्या. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि तिथेच माणसाचा दम संपत आलेला असतो, आवाज पडतो, म्हाताऱ्या माणसाचा तर जास्तच. आजोबा बोलताना -20 च्या आसपास, ते शेवटचं 'नाय' -41 ला आणि पाऊस -48 ला, म्हणजे मधे जागा फक्त 7 डीबी. गेटला 'नाय' आणि पाऊस यातला फरक कळत नाही, त्याला फक्त पातळी कळते. म्हणून उघडायचा आणि बंद व्हायचा थ्रेशोल्ड वेगळा ठेवा, मी -38 ला उघडतो आणि -45 ला बंद करतो, होल्ड, म्हणजे आवाज पडल्यावरही गेट उघडं राहण्याचा वेळ, 300 मिलिसेकंद. आणि गेटची रेंज, म्हणजे बंद असताना ते आवाज किती दाबतं, -12 डीबीच्या आसपासच ठेवा, पूर्ण म्यूट कधीच नको, मग गेट चुकलं तरी शब्द बारीक का होईना ऐकू येतो.

सिलेरो व्हीएडीसारखी हुशार टूल्स पातळीवर न जाता हा आवाज माणसाच्या बोलण्याचा आहे का ते बघतात, पावसात आणि समुद्राच्या गाजेत ती खरंच बरी. पण डिफॉल्टवर विसंबू नका. 250 मिलिसेकंदांपेक्षा लहान बोलणं सिलेरो टाकून देतं आणि बोलण्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम 30 मिलिसेकंद राखतं. एकटं 'व्हय' त्या 250 च्या आत सहज येतं. मी पहिला आकडा 100 वर आणतो, दुसरा 300 वर नेतो.

प्रीसेट विकत घेऊ नका, माझं स्पष्ट मत आहे. मूळ आवाज न ऐकवता आकडे सांगणारा गुरूही नको. आधी दहा तास तरी हाताने कापा, कंटाळा येतो, पण कान तयार होतो, आणि तो सगळ्यांचाच होतो, घाबरू नका.

आणि गेट लावल्यावर मूळ ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून दोन्ही एकत्र वाजवा, उरतं ते गेटने खाल्लेलं. ऑटो-कटने काढलेले तुकडेही फेकू नका, एका वेगळ्या ट्रॅकवर ओळीने लावून ऐका. परवा 45 मिनिटांच्या मुलाखतीतून 9 मिनिटं कापली गेली, ती सगळी ऐकली, त्यात दोन 'नाय' आणि एक 'व्हय' सापडलं, तिन्ही परत जागेवर ठेवली.