साप उलटी काढतोय? आधी काय बघाल

मी ह्यूस्टनमध्ये कॉर्न स्नेक पाळते. (भारतात देशी साप घरी ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, तिकडच्यांनी तो नाद सोडावाच.) गिळलेला उंदीर दोन-तीन दिवसांनी अर्धवट पचून, लिबलिबीत होऊन बाहेर आला की लगेच विषाणूच्या नावावर बिल फाडू नका. आधी पेटीतली ऊब बघा, गरम कोपरा 28-30 अंश सेल्सिअस हवा. घास फार मोठा होता का? खाल्ल्यावर सापाला हाताळलंत का?

हे सगळं ठीक असून परत उलटी, वर पातळ, उग्र वासाची शी, तर अॅडेनोव्हायरस या विषाणूची शंका घ्या. तो आतडं आणि यकृत दोन्ही धरतो. साप वेगळ्या खोलीत, चिमटा-भांडं वेगळं, त्याचं काम सगळ्यांत शेवटी. दहा-चौदा दिवस उपास, पाणी मात्र कायम. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर. उपाशी बघवत नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त पुढची उलटी पुसायला मला बोलावू नका.

डॉक्टरकडून क्लोएकाच्या (शी-लघवी बाहेर पडते ते छिद्र) स्वॅबची पीसीआर (विषाणूची जनुकं शोधणारी तपासणी) करून घ्या. क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवीही तपासायला सांगा, त्यातही साप असाच उलट्या काढतो. विषाणू मारणारं औषध नाही.

या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे बरीच साधी जंतुनाशकं त्याच्यापुढे लंगडी पडतात. आधी साबणाने घाण घासून काढा, मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं. नंतर खळखळून धुवा. लाकडी सामान सरळ फेका. साप दगावलाच तर शव फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणी बिघडते.