डास बसला नाही म्हणजे तेल लागू पडलं असं नाही: रिपेलंटच्या चाचणीत या चुका टाळा

प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी. प्रकल्पांत निर्गुडी, गवती चहा, कडुनिंब किंवा सिट्रोनेला यांपैकी एखादं तेल डासांवर हमखास चालतं. तक्त्यात 100 टक्के रिपेलन्सी (डास दूर ठेवण्याचं प्रमाण) असते आणि खाली दिमाखात निष्कर्ष. असा प्रबंध हातात आला की मी आधी कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी तेलाशिवाय ठेवलेल्या हाताचा, रकाना बघते. काहीही न लावलेल्या हातावर अर्ध्या मिनिटात जेमतेम तीन डास बसले असतील आणि तेल लावलेल्या हातावर एकही नसेल, तर ते शंभर टक्के कागदावरचेच. ज्या डासांना मुळात चावायचंच नव्हतं, त्यांना तेलाने पळवलं असं कसं म्हणणार?

डास हातावर न बसण्याची कारणं पुष्कळ असतात. पोट भरलेलं असतं, वय कोवळं असतं, वेळ चुकीची असते, खोलीत भलताच वास असतो, किंवा डास औषधाने अर्धमेले होऊन जाळीला लटकलेले असतात. रिपेलंटचा परिणाम हे त्यांतलं फक्त एक कारण. बाकीची सगळी खोडून काढता यावीत म्हणून तर चाचणीची एवढी मांडामांड करायची. ती कुठे कुठे ढासळते ते बघू.

कंट्रोलचा हात घाईत उरकणे

पिंजऱ्यात हात घालून करायच्या चाचणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वं बहुतेक प्रयोगशाळा वापरतात. पिंजऱ्याची बाजू 35 ते 40 सेंटिमीटर आणि आत 200 ते 250 माद्या. आधी उघडा हात 30 सेकंद आत धरायचा. तेवढ्यात किमान 10 डास बसले किंवा सोंड टेकवू लागले, तरच पुढे जायचं. नाहीतर तो पिंजरा त्या दिवसापुरता बाद.

ही पायरी गाळायचा मोह फार होतो, कारण डास तयार करायला दोन-तीन आठवडे गेलेले असतात आणि पिंजरा बाद करणं जिवावर येतं. पण रिपेलन्सीचं सूत्र बघा: कंट्रोलमधून तेल लावलेल्या हातावरचा आकडा वजा करा, कंट्रोलने भागा, शंभरने गुणा. कंट्रोलचा आकडा 3 असेल तर एक डास इकडचा तिकडे झाला की टक्केवारी 33 ने हलते. तोच आकडा 60 असेल तर दोन टक्क्यांनीही हलत नाही. म्हणून तक्त्यात नुसते टक्के देऊ नका, कंट्रोलवर बसलेल्या डासांचा कच्चा आकडाही द्या. आणि चाचणी संपल्यावर उघडा हात पुन्हा एकदा आत घाला. शेवटी डास तितक्याच हिरिरीने आले, तर मधल्या शून्यांवर विश्वास ठेवता येतो.

डासांची तयारी न बघणे

कंट्रोल पडतो तेव्हा नव्वद टक्के वेळा खोट डासांच्या तयारीत असते, असं माझं मत आहे. कोषातून बाहेर पडलेली मादी पहिले एक-दोन दिवस रक्ताच्या मागे लागत नाही. त्यामुळे पाच ते सात दिवसांच्या, नरांसोबत ठेवलेल्या आणि एकदाही रक्त न प्यायलेल्या माद्या घ्यायच्या. पोटभर रक्त प्यायलेली मादी सहसा अंडी घालेपर्यंत माणसाच्या वासाकडे ढुंकूनही बघत नाही. अशा माद्या चुकून पिंजऱ्यात मिसळल्या तर तुमचं तेल फुकट श्रेय घेऊन जातं.

साखरेचं पाणी किंवा भिजवलेल्या मनुका चाचणीच्या 12 तास आधी काढून घ्यायच्या. इथे एक बारीक गोष्ट हटकून नजरेतून सुटते. बशी काढली तरी जाळीच्या तळाशी चिकटलेली मनुका तशीच राहते आणि माद्या रात्रभर तिच्यावर ताव मारतात. पिंजरा हातात उचलून, तळ उजेडाकडे धरून बघा.

अळ्यांपासूनच लक्ष द्यावं लागतं. ट्रेमध्ये अळ्यांची दाटी झाली किंवा बिस्किट-यीस्टचं खाद्य कमी पडलं, तर माद्या लहानखुऱ्या निघतात आणि दोन तुकड्यांची तुलना फसते. तापमान 27 अंशांच्या आसपास आणि आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास लागते. एसी लावून तापमान साधलं जातं, पण तोच एसी हवा कोरडी करतो. ओल्या फडक्यांनी किंवा ह्युमिडिफायरने ती भरून काढा आणि हायग्रोमीटर भिंतीवर टांगण्याऐवजी पिंजऱ्याशेजारी ठेवा.

वेळेचं भान तर हवंच. एडिस इजिप्ती दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी जास्त. क्युलेक्स क्विंकिफॅसिएटस आणि ॲनोफिलिस स्टिफेन्सी रात्रीचे. भर दुपारी ट्यूबलाइटखाली क्युलेक्सची चाचणी घेतली तर ढिम्म बसलेले डास दिसतील आणि तेल जिंकल्यासारखं वाटेल. रात्री थांबणं शक्य नसेल तर डासघरात उजेड-अंधाराचं चक्र उलटं करा, डासांना त्याची सवय होऊ द्या आणि मंद लाल उजेडात काम करा.

ॲस्पिरेटरने (डास ओढून घ्यायच्या नळीने) ओढलेल्या डासांना लगेच कामाला लावू नका. नव्या जागी त्यांना थोडं स्थिरावू द्या. जाळीजवळ हात नेऊन त्या बाजूला धावून येणाऱ्या माद्याच निवडायची पद्धत चांगली आहे, मात्र तसं केल्याचं नोंदवा, कारण तेव्हा तुमचा निकाल फक्त हावऱ्या डासांचा असतो.

हाताला आधीच काहीतरी लागलेलं असणे

आदल्या रात्री घरी डासांचं मशीन चालू होतं, सकाळी सुगंधी साबणाने अंघोळ झाली, डोक्याला तेल लागलं, आणि दहा वाजता तोच हात पिंजऱ्यात. स्वयंसेवकाने 12 तास आधीपासून अत्तर, रिपेलंट आणि तंबाखू टाळायची असते. हात बिनवासाच्या साबणाने धुवायचा, मग 70 टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्यायचा.

मात्रा मोजून लावा. मनगट ते कोपर हा भाग ढोबळमानाने 600 चौरस सेंटिमीटर धरतात आणि त्यावर 1 मिलिलिटर द्रावण पसरतात. 20 टक्के डीट (बाजारातल्या रिपेलंटमधलं नेहमीचं रसायन) असेल तर चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.33 मिलिग्रॅम पडतं. ‘थोडंसं तेल चोळलं’ या वर्णनावरून दुसऱ्या कुणालाही तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही. कंट्रोलच्या हातावर नुसतं इथेनॉल (ज्यात तेल विरघळवलं ते अल्कोहोल) लावायचं आणि दोन्ही हातांवरचं इथेनॉल पूर्ण उडू द्यायचं. शेजारी 20 टक्के डीटचा हातही हवा. तुमच्या पिंजऱ्यात डीटच पडलं, तर दोष तेलाचा नाही, मांडणीचा आहे.

फक्त पहिल्या दहा मिनिटांवर निकाल देणे

सिट्रोनेलासारखी तेलं भराभर उडतात. लावल्या लावल्या ती उत्तम चालतात आणि नेमकी तेव्हाचीच नोंद प्रबंधात येते. माणसाला हवं असतं ते पूर्ण संरक्षणाचा वेळ. त्यासाठी दर अर्ध्या तासाने किंवा तासाने हात तीन मिनिटं आत घालत राहावं लागतं. 2002 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फ्रॅडिन आणि डे यांनी बाजारातल्या उत्पादनांची अशी तुलना केली होती. 23.8 टक्के डीटने सरासरी 301.5 मिनिटं, म्हणजे पाच तास संरक्षण दिलं. सिट्रोनेलाची बहुतेक उत्पादनं वीस मिनिटंही टिकली नाहीत. पण त्यांच्या पिंजऱ्यात डास मोजके होते. 200 माद्यांच्या पिंजऱ्यातल्या आकड्याशी ही मिनिटं थेट ताडून बघता येत नाहीत. पिंजरा केवढा आणि डास किती, हे लिहिल्याशिवाय संरक्षणाच्या वेळेला अर्थ नाही.

ऑल्फॅक्टोमीटरमध्ये वास कुठे जातो हे न तपासणे

ऑल्फॅक्टोमीटर म्हणजे डास कोणता वास निवडतात ते बघायचं उपकरण. त्याच्या वाय आकाराच्या नळीत एका फाट्यात तेल, दुसऱ्यात स्वच्छ हवा, आणि डास स्वच्छ फाट्यात गेले की ‘पळाले’. पण या मांडणीत डासाने निघायचंच कशासाठी? माणसाची चाहूल देणारं काहीच नसेल तर बहुतेक माद्या सोडल्या जागी बसून राहतात. दोन्ही फाट्यांत हाताचा वास किंवा कार्बन डायऑक्साइड द्या आणि एकात तेल मिसळा. न हललेल्या डासांचा आकडा वेगळा दाखवा. तो लपवला की दहातल्या तीन डासांच्या निवडीवर टक्केवारी उभी राहते.

आधी दोन्ही फाटे रिकामे ठेवून चालवा. डास सतत डावीकडे जात असतील तर उजेड, पंख्याचा झोत, नळीचा उतार तपासा. नंतरही दर फेरीला बाजू बदला. हवेचा वेग सेकंदाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटर ठेवतात. कोरड्या बर्फाचं धुकं सोडलं की प्रवाह डोळ्यांना दिसतो. दोन झोत फाट्याच्या तोंडाशीच एकमेकांत मिसळत असतील तर डासाला निवड करायला काही उरतच नाही. सिलिकॉनच्या नळ्या वास धरून ठेवतात, म्हणून काच आणि टेफ्लॉन वापरा.

वासाच्या स्रोतातली गफलत किती दूर नेते याचं उदाहरण 2008 चं आहे. डीट डासाच्या गंधग्राहींनाच अडवतं आणि त्यामुळे त्याला माणसाचा वास येत नाही, असा निष्कर्ष त्या वर्षी सायन्स या नियतकालिकात आला. त्याच वर्षी सय्यद आणि लील या संशोधकांनी वेगळीच बाब दाखवली. डीट आणि ऑक्टेनॉल (डासांना खेचणारा एक वास) एकाच नळकांड्यात ठेवले की डीट ऑक्टेनॉलला धरून ठेवतं आणि बाहेर पडणारं ऑक्टेनॉलच कमी होतं. डासाची वास टिपणारी चेतापेशी थंड पडली ती या कारणाने. दोन पदार्थ वेगवेगळ्या नळकांड्यांतून सोडले तर पेशी नेहमीसारखी बोलते. शिवाय डासाला डीटचा वास येतो आणि तो टाळतो, हेही त्यांनी दाखवलं. तुमच्या प्रयोगात तेल आणि आकर्षक (डासांना खेचणारा पदार्थ) एकाच फिल्टर पेपरवर टाकत असाल तर आजच थांबवा.

नळीत फक्त वासाची परीक्षा होते, हेही विसरू नये. 2013 मध्ये ऑर्को (वास ओळखायला लागणारं) जनुक निकामी केलेले एडिस डीट लावलेल्या हातापर्यंत बिनदिक्कत आले, पण त्वचेला पाय टेकताच उडाले. स्पर्शाने चालणारं रसायन वाय नळीत नापास होईल आणि हातावर पास.

आकर्षक एकेकटे तपासणे

लॅक्टिक आम्ल एकटं दिलं तर एडिस फारसा येत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला दिलं की येतो. अमोनियाचंही तसंच, त्याला लॅक्टिक आम्लाची साथ लागते. एकेक बाटली उघडून ‘आकर्षण नाही’ असा शेरा मारला तर मिश्रणातली ताकद कधी दिसणारच नाही. आपल्या उच्छ्वासात सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे नळीवर वाकून डास मोजणारा माणूस स्वतःच सगळ्यात मोठं आकर्षण ठरतो. कॅमेरा लावा, नाहीतर निदान वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहा.

लोळलेले डास ‘पळालेले’ समजणे

ट्रान्सफ्लुथ्रिनसारखी हवेत उडणारी पायरेथ्रॉइड्स (डासांच्या मशीनमधली कीटकनाशकं) डासांना लोळवतात. चाचणी झाल्यावर पिंजऱ्याचा तळ बघा, पडलेले डास मोजा आणि 24 तासांनी मेलेलेही मोजा. तेच डास पुन्हा वापरू नका. एकदा डीटचा अनुभव घेतलेल्या एडिस माद्या तीन तासांनी त्याला कमी जुमानतात, असं 2013 मध्ये दिसलं आहे. सकाळच्या पिंजऱ्यावर दुपारी दुसरं तेल तपासलं तर दुसऱ्यावर अन्याय होतो.

वीस डासांना वीस प्रयोग मोजणे

एकाच पिंजऱ्यात एकाच वेळी सोडलेल्या वीस माद्या ही एक पुनरावृत्ती आहे. पिंजरा, दिवस आणि स्वयंसेवक बदलले की आकडे बदलतात, आणि विश्लेषणात तेच धरावे लागतात. वेगवेगळ्या दिवशी, अळ्यांच्या वेगवेगळ्या तुकड्यांतल्या माद्या घ्या. स्वयंसेवक एकापेक्षा जास्त घ्या, कारण डासांना काही माणसं जास्त आवडतात.

हात आत घालायच्या आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि स्वयंसेवकाची लेखी संमती हवी, यात तडजोड नाही. डास प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले, रोगमुक्त वसाहतीतले हवेत. गच्चीवरच्या टाकीतून आणलेल्या अळ्यांचे एडिस उघड्या हातावर कधीही सोडू नका, कारण डेंग्यूचा विषाणू मादीकडून अंड्यांतही उतरू शकतो. बाहेरच्या डासांवर तेल कसं चालतं हे बघायचंच असेल तर अळ्या आणून डासघरात वसाहत उभी करा, ती निर्धोक असल्याची खात्री करून घ्या, आणि मग जुन्या वसाहतीच्या शेजारी तिची चाचणी घ्या. दोन्हींचे आकडे वेगळे आले तर ते वेगळेच छापा. एडिसमध्ये डीटला न जुमानण्याचा गुण पिढीगत उतरतो हे 2010 मध्ये दाखवलं गेलं आहे, तेव्हा एका वसाहतीचा निकाल दुसरीला लावता येत नाही.